गिटार, व्हायोलिन, व्हायोला वाजवणारे आहेत पण चेलोवाला नाही: मातिएग्काचा नोत्तुर्नो सोलापुरात कसा बसवायचा?

सहातारा_सोलापूर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारताच येणार नाही.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि गेली नऊ वर्षं क्लासिकल गिटार वाजवतोय. आपल्याकडं गिटार म्हटलं की कॉर्ड धरायची आणि गाणं म्हणायचं एवढंच, त्यामुळं बोटांनी एकेक सूर काढत मी एकटाच खोलीत बसलेला असायचो. मागच्या दिवाळीत रात्री उशिरा एक रेकॉर्डिंग लागलं, वेन्झेल मातिएग्का नावाच्या माणसाचा नोत्तुर्नो, म्हणजे रात्रीचं संगीत, ऑपस (रचना क्रमांक) २१, बासरी, व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठा, खालच्या सुराचा) आणि गिटार अशा तिघांसाठी लिहिलेला, आणि खरं सांगतो त्यातला तिसरा भाग आला, लेंतो ए पातेतिको, म्हणजे संथ आणि करुण, तेव्हा मी हातातला चहा तसाच ठेवून दिला. इतकी वर्षं मी गिटारवर एकट्यानं वाजवायचं संगीत ऐकत होतो, पण गिटार दुसऱ्या कुणाच्या सुराखाली अशी हात दिल्यासारखी उभी राहते आणि मधेच स्वतः बोलायला लागते हे पहिल्यांदाच कळलं.

मग शोधायला लागलो. माणूस १७७३ चा, बोहेमियातल्या खोत्सेन गावचा, प्रागला कायदा शिकला, मग व्हिएन्नाला आला आणि तिथं गिटार-पियानो शिकवून, पुढं चर्चच्या गायकवृंदाचं काम बघून दिवस काढले, १८३० ला तिथंच वारला. बीथोवन, शूबर्टसारखे मोठे संगीतकार ज्या गल्ल्यांतनं चालत होते त्याच गावात हा पण होता, आणि नाव कुणाला माहिती नाही.

आता प्रश्न. आम्ही तिघं आहोत. मी गिटार. दुसरी आमच्या ओळखीतली, पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली मुलगी, मामाकडं लहानपणापासून कर्नाटकी व्हायोलिन शिकलीय, हात अतिशय गोड आहे पण स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्य स्वरलिपी) वाचता येत नाही. तिसरा मित्र चर्चमधे व्हायोलिन वाजवतो, त्याला नोटेशन येतं, तो व्हायोला घ्यायला तयार आहे पण व्हायोला आणायचा कुठनं. बासरीचा भाग व्हायोलिननं घेतला तर चालेल का? आणि याचंच चेलो (व्हायोलिनच्याच जातीचं मोठं, खर्जातलं वाद्य) घातलेलं चार जणांचं रूप पण आहे असं वाचलं, ते जास्त भरलेलं वाटतं, तर चेलोवाला पुण्याहून बोलवायची वाट बघावी का आहे त्यात सुरू करावं?

कुणाला अनुभव असेल तर सांगा. घरच्या घरी, वीस-पंचवीस माणसांपुढं, संक्रांतीच्या आधी वाजवायचा विचार आहे. गड्ड्याची यात्रा सुरू झाली की मग कुणाचंच लक्ष राहत नाही.

जुनीमिल_ते_कोथरूड

अरे वा, सोलापुरात मातिएग्का! मी मूळचा तिथलाच, आता पुण्यात गिटार शिकवतो. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आधी त्या चार जणांच्या रूपाची गोष्ट सांगतो, कारण त्यातच तुमचं उत्तर आहे. १९१८ साली ऑस्ट्रियात एक हस्तलिखित सापडलं, शूबर्टच्या अक्षरातलं, बासरी गिटार व्हायोला आणि चेलोसाठी, फेब्रुवारी १८१४ चं. म्हणजे पोरगं नुकतं सतरा वर्षांचं झालेलं. सगळीकडं आनंदीआनंद, शूबर्टनं गिटारसाठी चौकडी लिहिली होती! १९२६ ला ते शूबर्टच्या नावानं छापून पण आलं, लोक वाजवायला लागले, कौतुक व्हायला लागलं. आणि मग १९३१ मधे कोपनहेगनमधे मातिएग्काची जुनी छापील प्रत हाती लागली, १८०७ ला व्हिएन्नात छापलेली, आणि लक्षात आलं की हे तर सगळं आधीच लिहून झालेलं होतं. शूबर्टनं त्याच्यात चेलो घातला आणि मिन्युएट या नाचाच्या भागात दुसरा ट्रिओ, म्हणजे मधला तुकडा, स्वतःचा लिहून जोडला. आता शूबर्टच्या यादीत ते मूळ रचनांमधनं काढून परिशिष्टात टाकलंय.

मला यातलं कायम हे बोचतं की शूबर्टचं नाव होतं तोवर तेच सूर 'कोवळ्या वयातली प्रतिभा' होते, आणि मातिएग्काचं नाव लागल्यावर 'घरगुती करमणुकीचं संगीत' झाले. सूर एक तरी बदलला का? आजही बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डिंगवर शूबर्टचं नाव मोठं आणि याचं बारीक असतं. तुम्ही वाजवाल तेव्हा कागदावर मातिएग्काचं नाव वर लिहा एवढी विनंती.

आता चेलोचं. याच मातिएग्कानं बीथोवनचा सेरेनाद ऑपस ८ घेतला, जो मुळात व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोसाठी आहे, आणि तो व्हायोलिन, व्हायोला, गिटारसाठी बसवून दिला. म्हणजे त्यानं चेलो काढून तिथं गिटार ठेवली. इतका भरवसा होता त्याला गिटारच्या खालच्या तारांवर. आणि शूबर्टनं बरोब्बर उलटं केलं, याच्या गिटारखाली चेलो सरकवला. तेव्हा चेलो नाही म्हणून अडून बसायची काही गरज नाही, मूळ माणसानंच तुमच्यासाठी वाट करून ठेवलीय.

बासरीऐवजी व्हायोलिन बिनधास्त. त्या काळी कितीतरी प्रकाशनांवर बासरी किंवा व्हायोलिन असंच छापलेलं असायचं, घरात जे असेल ते घ्या. पण जरा पुढचा विचार करा, ऑपस २४ चा ग्रांद ट्रिओ सरळ व्हायोलिन, व्हायोला आणि गिटारसाठीच आहे, तुमच्या तिघांच्या मापाचा. नोत्तुर्नो झाला की तो घ्या.

नोटेशन फुकट मिळेल. कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत आणि स्टॉकहोमला बोइये म्हणून एका माणसानं जमवलेल्या गिटार संगीताच्या संग्रहात जुन्या छापील प्रती स्कॅन करून ठेवल्यात. बोइये हा काही संगीतकार नव्हता, विमा कंपनीत नोकरी करायचा आणि आयुष्यभर गिटारचे कागद गोळा करायचा, १९२३ ला वारला. अशा लोकांमुळं हे उरलंय बघा. फक्त एक, त्या काळी सगळ्यांचं मिळून एकत्र स्कोअर छापायचे नाहीत, प्रत्येकाचा वेगळा भाग छापायचे. तिघांनी सुरुवातीलाच आपापले माप (बार) क्रमांक पेन्सिलनं घालून घ्या, नाहीतर 'कुठनं परत?' यातच संध्याकाळ जाते.

बेलाताई

मी हिंदुस्थानी व्हायोलिन शिकवते, थोडं वेस्टर्न पण केलंय, म्हणून त्या कर्नाटकी मुलीबद्दल लिहिते.

तिचं व्हायोलिन सा-प-सा-प लावलेलं असणार आणि सा तिच्या गुरूंनी ठरवलेला. तिला आधी सांगा की या रचनेपुरतं जी-डी-ए-ई असं लावायचं, कारण गिटारचे परदे पक्के आहेत, तुम्ही तिच्या सा कडे जाऊ शकत नाही, तिलाच तुमच्याकडं यावं लागेल. दोन दिवस बोटं चुकतील मग बसेल. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवायची सवय असेल तर तशीच वाजवू दे, खुर्चीवर बसवायचा आग्रह धरू नका, हात आवळतो. उलट तुम्हीच दोघं बुटक्या स्टुलांवर बसा म्हणजे नजरा जुळतील.

नोटेशन येत नाही म्हणून घाबरू नका. ही रचना जी मेजरमधे आहे, जी ला सा धरा, मग सगळं तिच्या शंकराभरणम् मधे येतं, आमच्याकडं बिलावल म्हणा. तिचा भाग सरगममधे लिहून द्या. आता तुम्ही म्हणताय तो लेंतो ई मायनरमधे आहे. तिला असं सांगा की सा तिथंच आहे पण आपण ध वर जाऊन बसलोय, ध लाच घर मानायचं. तिला हे शिकवावं लागणार नाही, ग्रहभेदात तेच करतात, शंकराभरणम् चा ध षड्ज केला की नटभैरवी निघते. आणि मधेमधे कोमल ध सारखा एक सूर चुकल्यासारखा वाटेल तो चुकलेला नाही, तो त्या नव्या घराचा शुद्ध नी आहे, तेवढ्यापुरतं कीरवाणीचा भास होतो. एकदा हे डोक्यात बसलं की ती तुमच्यापेक्षा लवकर पाठ करेल बघा.

गमक मात्र आवरायला सांगा. पूर्ण काढू नका म्हणजे सूर कोरडा होईल, पण जिथं व्हायोला आणि ती एकत्र धरून आहेत तिथं सूर हलला की खाली गिटारची कॉर्ड बेसूर वाटते, आणि दोष गिटारला जातो.

व्हायोला मिळत नसेल तर साध्या पूर्ण मापाच्या व्हायोलिनला व्हायोलाच्या तारा लावता येतात, व्हायोलिनच्या लांबीसाठी मुद्दाम बनवलेले सेट मिळतात, सी-जी-डी-ए. खालची सी जरा ढिली आणि पोकळ लागेल पण घरच्या बैठकीला चालून जातं. तुमच्या मित्राला आल्टो क्लेफ (व्हायोलाचं नोटेशन ज्या खुणेनं लिहितात ती) वाचायला मात्र शिकावं लागेल, पंधरा दिवस रोज अर्धा तास.

एकतारी_मंगळवेढा

माझं मत जरा वेगळं आहे, रागावू नका.

मी दोन्ही रूपं पुष्कळ वेळा ऐकलीत. मातिएग्काबद्दल आदर आहेच पण चेलो आला की त्या लेंतोला जी खोली येते ती तिघांत येत नाही. गिटारचा सूर छेडला की लगेच मावळायला लागतो, लांब श्वासाच्या ओळीखाली तो पुरत नाही. शूबर्टच्या घरी वडील चेलो वाजवायचे, भाऊ व्हायोलिन, आणि तो स्वतः व्हायोला, त्यामुळं खालचा धरून ठेवलेला सूर त्याच्या कानात लहानपणापासून होता आणि इथं काय कमी पडतंय ते त्याला कळलं असणार असं मला वाटतं. त्यानं उगाच हात लावला नाही.

पुण्याला चेलो वाजवणारे आहेत. सकाळच्या गाडीनं येऊन रात्री परत जाता येतं. एकदाच करताय तर पूर्ण करा.

जुनीमिल_ते_कोथरूड

एकतारी, खोलीबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण सूर मावळतो हा गिटारचा दोष धरला तर मग तंबोरा पण गेला आणि सतार पण गेली. मातिएग्का स्वतः गिटार वाजवायचा, त्याला माहिती होतं की सूर मावळणार, म्हणून तो लांब सूर व्हायोलाकडं देतो आणि गिटारला तुटक तुटक कॉर्डमधनं पुढं नेतो. त्या मावळण्यामुळंच वरच्या सुराला हवा मिळते. चेलो आला की खालची जागा भरते हे खरं, पण भरते म्हणजे गिटारची जागा जाते. चार जणांच्या रूपात बरेचदा मला गिटार शोधावी लागते.

अजून एक. आपण ऐकतो ती गिटार त्यांची नव्हे. तेव्हा व्हिएन्नात स्टाउफर म्हणून कारागीर होता, त्या काळची गिटार आताच्यापेक्षा अंगानं लहान, कंबर बारीक, वरच्या तारा आतड्याच्या, खालच्या रेशमावर धातू गुंडाळलेल्या. आवाज लहान पण टोकदार, व्हायोलाच्या घोगऱ्या सुरातनं स्पष्ट निघायचा. आताची मोठी गिटार तोरेस या स्पॅनिश कारागिराच्या नमुन्यावरची, १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातली, आणि नायलॉनच्या तारा तर दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या. आपल्या गिटारचा खालचा आवाज फुगतो. तेव्हा अंगठ्यानं खालच्या तारा जरा ब्रिजच्या बाजूला सरकून वाजवा, सूर आवळून येईल.

(या स्टाउफरनंच १८२३ मधे सहा तारांची, गिटारसारखी लावायची पण गजानं वाजवायची 'आर्पेज्जोने' काढली आणि शूबर्टनं पुढच्या वर्षी तिच्यासाठी सोनाटा लिहिला. गिटार आणि गज एकत्र आणायचा विचार त्या गावात हवेतच होता म्हणा की.)

तारा_आणि_लाकूड

सुरांतलं मला कळत नाही जास्त, मी वाद्यं दुरुस्त करतो, आपल्या सोलापूरचाच. एकच सांगायचंय बगा.

तुमच्या गिटारची वरची पाटी सॉलिड लाकडाची असेल तर आपल्या हवेत जपा. एप्रिल-मे मधे पारा चाळीसच्या वर आणि हवा अशी कोरडी की दार आक्रसतं, तिथं तीन मिलिमीटरच्या आतली पाटी काय टिकणार. माझ्याकडं दर उन्हाळ्यात ब्रिजपासनं खाली चिरलेल्या दोन-तीन गिटारी येतात. साबणाच्या डबीला भोकं पाडायची, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवायचा आणि डबी केसमधे मानेजवळ ठेवायची, गिटारला पाणी लागता कामा नये. गिटार भिंतीला टांगू नका, केसमधेच ठेवा. कूलरसमोर तर अजिबात नको, तासात फुगते आणि रात्रीत आक्रसते.

थंडीत वाजवणार म्हणताय ते चांगलंच आहे. व्हायोलिनच्या खुंट्या पण थंडीत सुटतात, थोडा खडू लावा.

सहातारा_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सव्वा महिना झाला, म्हटलं काय झालं ते लिहावं.

सगळ्यात मोठी अडचण सूर नव्हती, आवाज होता. आम्ही त्या मैत्रिणीच्या घरी बसतो, आणि शेजारी, मागं, समोर सगळीकडं यंत्रमाग. खटखट खटखट चालूच. तिला सवय आहे, ती त्यातच लहानाची मोठी झालीय, तिला व्हायोलिन ऐकू येतं. मला माझीच गिटार ऐकू येत नव्हती. शेवटी माग बंद असतात त्या दिवशी जायचं ठरवलं. पहिल्यांदा गल्ली गप्प असताना आम्ही लेंतो सुरू केला आणि पंखा पण बंद केला, आणि तिच्या आजी, ज्यांना मराठी पण नीट येत नाही, तेलुगूच बोलतात, त्या आतनं येऊन दाराशी बसल्या. संपल्यावर नातीला काहीतरी म्हणाल्या. तिनं सांगितलं, आजी विचारतीय हे कुणी मेल्यावर वाजवायचं आहे का. मी म्हटलं नाही, रात्रीचं संगीत आहे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या परत वाजवा.

बेलाताई, ग्रहभेदाचं तुम्ही सांगितलेलं तिला एका वाक्यात कळलं, मी आठवडाभर समजावत होतो ते. तो कोमल ध आला की ती आता मुद्दाम गज हलका करते. गमक तिनं आवरलंय पण एका जागी, व्हायोला थांबतो तिथं, ती हलकासा ठेवते, आणि मला तो काढावासा वाटत नाही. चालेल ना? मूळ कागदावर तो नाही हे माहितीय.

व्हायोलाच्या तारा मागवल्या, व्हायोलिनवर लावल्या. खालची सी खरंच पोकळ आहे पण गिटारच्या खालच्या तारांबरोबर मिसळते. पाचव्या भागातल्या व्हेरिएशन्समधे मित्राचा हात अजून अडखळतो, ते आम्ही सावकाश घेतोय. चौथा झिंगारा, जिप्सी ढंगाचा, तो मात्र सगळ्यात आधी बसला.

जुनीमिल दादा, अंगठा ब्रिजकडं सरकवायचं तुम्ही म्हणालात ते लई उपयोगी पडलं, आता कॉर्ड वेगळी ऐकू येते. आणि बसण्याची जागा बदलली, मी पुढं, गिटारचं तोंड ऐकणाऱ्यांकडं, ते दोघं माझ्या मागं अर्धवर्तुळात. आधी ते पुढं होते तेव्हा मी बुडत होतो.

एकतारी काका, तुमचा मुद्दा मनात आहे. चेलो नाही म्हणून मिन्युएटचा शूबर्टनं घातलेला दुसरा ट्रिओ घ्यायचा का नाही यावर आमच्यात अजून ठरत नाहीये. मित्र म्हणतो नको, मातिएग्काचं नाव लिहिणार तर त्याचंच वाजवू. मला तो मोह होतोय.

बेलाताई

ती एक गमक राहू दे. तिच्या मामांचा हात आहे तो.

एकतारी_मंगळवेढा

दुसरा ट्रिओ घेऊ नका. आधी मला चेलो पाहिजे होता, पण आजींचं वाचलं आणि वाटलं तिघांचंच पूर्ण ऐकावं. चौघांचं नंतर कधीतरी. तारीख ठरली की इथं टाका, मी मंगळवेढ्याहून येतो, येताना ज्वारीचा हुरडा आणतो, तोवर आलेला असेल.

जुनीमिल_ते_कोथरूड

मी पण येतो. आणि ऑपस २४ चे तिन्ही भाग प्रिंट काढून, माप क्रमांक घालून आणतो.

सहातारा_सोलापूर

जानेवारीचा पहिला रविवार, संध्याकाळी सहा, माग बंद असतील असं तिच्या वडिलांनी शेजारच्या दोन कारखानदारांशी बोलून ठरवलंय. पत्ता मेसेजमधे पाठवतो. कागदावर एवढंच लिहिलंय: वेन्झेल मातिएग्का, नोत्तुर्नो, ऑपस २१. खाली आम्हा तिघांची नावं.